इस्लामविषयक बातम्या ताडून पाहताय? या चुका टाळा

कागदाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘पाश्चात्त्य माध्यमं’, उजवीकडे ‘मुस्लिम देशांतली माध्यमं’. तुलनेचे बहुतेक प्रकल्प असे सुरू होतात आणि पहिल्याच पानावर फसतात.

उजवीकडचा रकाना एकसंध नसतो. दोहाची अल जझीरा (१९९६) आणि सौदी मालकीची अल अरेबिया (२००३) या दोन्ही अरबी वाहिन्या. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारची कोंडी केली, तेव्हा १३ मागण्यांपैकी एक अल जझीरा बंद करण्याची होती. इंडोनेशियातलं मोठं दैनिक ‘कोम्पास’ तर कॅथलिक पत्रकारांनी १९६५ साली काढलेलं. हिजाबवरून पकडल्यावर इराणी पोलिसांच्या ताब्यात असताना २०२२ मध्ये मेलेल्या महसा अमिनी या तरुणीची बातमी इराणी पत्रकारांनीच बाहेर आणली: ‘शर्ग’ दैनिकाच्या निलुफर हामेदी इस्पितळात पोहोचल्या, ‘हम्मिहन’ दैनिकाच्या एलाहे मोहम्मदी अमिनीच्या गावी, सक्केजला, दफनविधीला. दोघींना तुरुंगात जावं लागलं. त्यामुळे ‘इराणी माध्यमांनी बातमी दाबली’ हे वाक्य लिहिणं या दोघींवर अन्याय आहे. तक्त्यात देशाऐवजी तीन रकाने ठेवा: मालक कोण, भाषा कोणती, आणि सरकार नाराज झालं तर संपादकाचं काय होतं.

दुसरी चूक कालखंडाची, आणि ती सर्वांत महाग पडते. डेन्मार्कच्या ‘युलँड्स-पोस्टेन’ दैनिकानं प्रेषित मुहम्मदांवरची १२ व्यंगचित्रं छापली ३० सप्टेंबर २००५ ला. दमास्कसमधल्या डॅनिश दूतावासाला आग लागली ४ फेब्रुवारी २००६ ला. अनेक जण कात्रणं फेब्रुवारीपासून गोळा करतात आणि ‘चित्रं आली, आग लागली’ असा सरळ निष्कर्ष काढतात. मधले चार महिने बघा. ऑक्टोबरमध्ये, ऐन रमजानात, कैरोच्या ‘अल फज्र’ या वृत्तपत्रानं त्यातली काही चित्रं टीकेसह छापली होती, आणि तेव्हा दंगल झाली नाही. डिसेंबरमध्ये मक्केच्या इस्लामी शिखर परिषदेत विषय निघाला, जानेवारीअखेर सौदीत डॅनिश मालावर बहिष्कार सुरू झाला. म्हणजे चित्रं आणि आग यांच्यामध्ये राजकारण होतं. पश्चिमेतही एकमत नव्हतं: ब्रिटनच्या राष्ट्रीय दैनिकांनी आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं चित्रं छापली नाहीत. उलट जॉर्डनच्या ‘शिहान’ साप्ताहिकाच्या संपादकांनी तीन छापली. त्यांची नोकरी गेली आणि अटकही झाली. कात्रणं घटनेच्या पहिल्या दिवसापासूनच घ्या.

आता शब्द. मराठी डेस्कवर इथंच घोटाळा होतो. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुरातला ‘इस्लामिस्ट’ आपण ‘इस्लामी’ करतो आणि एका राजकीय विचाराचं लेबल सगळ्या धर्माला चिकटतं. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनं २०१३ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत बदल करून ‘इस्लामिस्ट’ हा शब्द अतिरेकी किंवा कट्टरवादी या अर्थानं वापरू नका असं सांगितलं. मराठीत ‘इस्लामवादी’ लिहावं. ‘फतवा’ म्हणजे मुफ्तीचं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकाराचं, धार्मिक प्रश्नावरचं मत. मराठीत मात्र पुढाऱ्याच्या हुकमालाही आपण फतवा म्हणतो, म्हणून मूळ बातमीतला फतवा आपसूक हुकूम वाटू लागतो. ‘अल्लाह’ हा अरब ख्रिश्चनांचाही देवासाठीचा शब्द आहे.

वाहिनीची एकच भाषा तपासून थांबू नका. इस्रायली हल्ल्यात मेलेल्या पॅलेस्टिनींना अल जझीरा अरबीत ‘शहीद’ म्हणते, तिची इंग्रजी वाहिनी ‘ठार’ म्हणते. दुसरीकडे रॉयटर्स आणि बीबीसी ‘दहशतवादी’ हा शब्द स्वतःच्या तोंडी घालायचं टाळतात. तेव्हा एकाच घटनेच्या अरबी, इंग्रजी आणि वृत्तसंस्थेच्या प्रती शेजारी ठेवा. मथळ्याचं क्रियापद, पहिला उद्धृत केलेला माणूस आणि मृतांसाठीचा शब्द, एवढ्याच खुणा करा. यंत्रानं केलेल्या भाषांतरावर अशा शब्दांपुरता भरवसा नको. मूळ अरबी शब्द कोशात बघा.

पहिल्या चोवीस तासांच्या बातम्या वेगळ्या काढा. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या ‘सन’नं पहिल्या पानावर अल-कायदाचं नाव छापलं. मारेकरी निघाला मुस्लिमद्वेष्टा नॉर्वेजियन. असे मथळे वेबसाइटवरून चटकन बदलतात, म्हणून स्क्रीनशॉट वेळेसकट जपा. राहून गेला असेल तर वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, शोधा.

शेवटची चूक म्हणजे फक्त छापलेलंच मोजणं. जुलै २०१९ मध्ये २२ देशांनी चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगूर मुस्लिमांच्या कोंडीवरून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत चीनला जाब विचारला; त्यात बहुतेक पाश्चात्त्य होते. लगेच ३७ देशांनी चीनची पाठराखण करणारं पत्र दिलं, आणि त्यात सौदी अरेबिया, पाकिस्तान, इजिप्त होते. कतारनं नंतर सही मागे घेतली. त्याच नोव्हेंबरमध्ये शिनजियांगच्या छावण्यांविषयीची चीनची अंतर्गत कागदपत्रं छापली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं. म्हणून ती बातमी आली त्या आठवड्यातल्या सौदी, पाकिस्तान, इजिप्त या तिन्ही देशांच्या सरकारी वृत्तसंस्थांच्या बातम्याही काढा, आणि काही सापडलं नाही तर रकाना वगळू नका, त्यात शून्य लिहा.