एरर कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

एक्स्कॅव्हेटर असो, लोडर असो की डोझर, डिस्प्लेवर कोड झळकला की पहिला हात नव्या सेन्सरच्या खोक्याकडे जातो. पण ‘हा सेन्सर खराब आहे’ असं कोड कधीच सांगत नाही. या सर्किटमधून येणारा सिग्नल आपल्याला पटत नाही, एवढीच ईसीएमची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, तक्रार असते. सर्किटमध्ये सेन्सर आला, कनेक्टर आला, हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा आला, अर्थ म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट आली आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. ऑइल प्रेशरचा एक सेन्सर मी दोनदा बदलला होता. दोष निघाला हार्नेसच्या क्लॅम्पखाली, घासून उघड्या पडलेल्या वायरमध्ये. तेव्हापासून आधी मीटर, मग पाना.

कोड नीट वाचा

आजच्या बहुतेक डिझेल इंजिनांत कोड दोन भागांत येतो: एसपीएन आणि एफएमआय. हा एसएई जे१९३९ या मानकाचा भाग आहे. एसपीएन म्हणजे ‘कशाबद्दल’: ११० कूलंटचं तापमान, १०० ऑइल प्रेशर, १५७ कॉमन रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतलं प्रेशर, १६८ बॅटरी व्होल्टेज. एफएमआय म्हणजे ‘काय बिघडलं’. बरेच जण पहिला आकडा वहीत लिहितात आणि दुसरा सोडून देतात. खरी दिशा मात्र दुसराच दाखवतो:

- ०, १ आणि १५ ते १८: रीडिंग खरं आहे, पण हद्दीबाहेर गेलंय.
- २: सिग्नल अस्थिर, मध्येच येतो, मध्येच जातो.
- ३: व्होल्टेज जास्त.
- ४: व्होल्टेज कमी.
- ५: करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं.
- ६: करंट जास्त किंवा वायर अर्थला लागलेली.

११०-० आणि ११०-३ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात इंजिन खरोखर तापलंय. तिथे मीटर बाजूला ठेवा, रेडिएटर, फॅन बेल्ट आणि कूलंटची पातळी बघा. दुसऱ्यात इंजिन थंडगारही असेल, बिघाड सेन्सरच्या सर्किटमधला आहे. काही कंपन्या स्वतःचे वेगळे क्रमांक देतात. कमिन्समध्ये ११०-३ ला १४४ म्हणतात आणि ११०-४ ला १४५. म्हणून त्या मॉडेलचं मॅन्युअल जवळ हवंच.

कोड ॲक्टिव्ह आहे की जुना, तो किती वेळा आला आणि पहिल्यांदा मशीनच्या मीटरवर किती तास असताना आला, हे लिहून घ्या. त्याआधी कोड पुसू नका. पुसलात की पुरावा गेला.

हात लावण्याआधी

बकेट जमिनीवर टेकवा, पार्किंग ब्रेक लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. चालू इंजिनवर इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका, तिथलं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त असतं. रेलची पाइप ढिली करून ‘डिझेल येतंय का’ बघण्याची जुनी सवयही सोडा. आतलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, ती धार कातडी फोडून आत शिरते.

बॅटरी आणि अर्थ

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले तर एकेकाच्या मागे धावू नका, आधी बॅटरी आणि अर्थ तपासा. २४ व्होल्टच्या मशीनमध्ये चार्ज असलेल्या बॅटऱ्या बंद अवस्थेत २५ च्या जरा वर दाखवतात, इंजिन चालू असताना साधारण २७.५ ते २८.५. मग मीटरची लाल तार इंजिन ब्लॉकवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट खराब आहे. रंगावर बसवलेली अर्थ हे नेहमीचं दुखणं.

आता ते सर्किट

आधी डोळ्यांनी बघा. कनेक्टर उघडा: हिरवट थर, वाकलेली पिन, आत शिरलेलं पाणी, फाटलेलं सील. मशीन प्रेशरने धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी आलेला कोड बहुधा पाण्याचाच असतो. हार्नेस जिथे ब्रॅकेटला किंवा होजला घासतो आणि जिथे टर्बोजवळून जातो, तिथे बोट फिरवून बघा.

दोन वायरींचा तापमान सेन्सर तपासायला सगळ्यात सोपा. ईसीएम आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. त्यामुळे वायर तुटली तर ईसीएमला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, म्हणजे एफएमआय ३. वायर शॉर्ट झाली तर शून्य दिसतं, म्हणजे ४. हीच गोष्ट आपण मुद्दाम घडवून बघायची:

१. कोडचा एफएमआय ४ असेल तर चावी ऑन ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढा. कोड ३ झाला तर वायरिंग ठीक, सेन्सर आतून शॉर्ट. ४ च राहिला तर सिग्नलची वायर वाटेत कुठेतरी अर्थला टेकलीय.

२. एफएमआय ३ असेल तर कनेक्टर काढून हार्नेसच्या बाजूच्या दोन्ही पिना एका वायरीने जोडा. कोड ४ झाला तर हार्नेस आणि ईसीएम दोन्ही निर्दोष, सेन्सर बदला. ३ च राहिला तर वायर तुटलीय किंवा पिन सैल आहे.

प्रेशर सेन्सरला मात्र तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. तिथे ५ व्होल्ट आणि अर्थ चुकूनही जोडू नका. कनेक्टर काढून हार्नेसच्या बाजूला मीटरने ५ व्होल्ट येतात का तेवढं बघा. येत नसतील तर एकच ५ व्होल्टची लाइन अनेक सेन्सरना जाते हे आठवा. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की बाकीचे निरपराधही कोड देऊ लागतात. अशा वेळी सेन्सर एकेक करून काढा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तोच चोर. सेन्सर जोडलेला असताना सिग्नल मोजायचा तर कनेक्टरच्या मागून बारीक प्रोब घाला. वायरीच्या सालात सुई टोचाल तर त्याच भोकातून पाणी शिरून पुढचा कोड तयार होईल.

कॅन लाइन

मशीनमधले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात, ती कॅन लाइन; कॅन हाय आणि कॅन लो या त्या दोन वायरी. ‘कम्युनिकेशन नाही’ अशा अर्थाचा कोड असेल तर बॅटरी तोडा आणि डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये कॅन हाय व कॅन लो यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये या पिना सी आणि डी. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक रेझिस्टर गायब आहे किंवा लाइन मध्येच तुटलीय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० आलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर बसवून ठेवलाय, हेही मी पाहिलंय.

येता-जाता कोड

एफएमआय २ सगळ्यात जास्त वेळ खातो. इंजिन चालू ठेवून लाइव्ह रीडिंग दुसऱ्या माणसाला बघायला सांगा आणि तुम्ही हार्नेस हाताने हलवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. हलत्या पट्ट्यांपासून आणि एक्झॉस्टपासून हात लांब ठेवा. रीडिंग उडालं की तिथेच थांबा, दोष तुमच्या मुठीत आहे. काहीच सापडलं नाही तर कनेक्टर उघडून नवी सुटी पिन प्रत्येक सॉकेटमध्ये घालून ओढा. जी अलगद निघते तिथली पकड गेलेली आहे.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि मशीन कामाच्या तापमानाला येईपर्यंत लोडवर चालवा. नुसतं स्टार्ट करून ‘गेला कोड’ म्हणू नका. गरम झाल्यावर उघडणारी वायर थंड इंजिनवर अगदी शहाण्यासारखी वागते.