मोड्यूलचं नाव बदललं, आता डॉक्युमेंटेशन: तयारीची यादी

सगळ्यात आधी मोड्यूलचं (इम्पोर्ट करून, म्हणजे बोलावून वापरायच्या कोड-फाइलचं) जुनं नाव डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे कुठे राहू द्यायचं, ते ठरवा. चेंजलॉग (बदलांची नोंदवही), जुन्या आवृत्तीची पानं आणि स्थलांतराची माहिती यांना हात लावायचा नाही. पायथन ३.० मध्ये (२००८) एचटीटीपीलिब या मोड्यूलचं एचटीटीपी.क्लायंट झालं. अशा नोंदीत सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं, तर ‘एचटीटीपी.क्लायंटचं नाव बदलून एचटीटीपी.क्लायंट झालं’ असं दिव्य वाक्य तयार होतं. एकास एक बदल शक्य आहे का, तेही बघा. पायथनचंच अर्ललिब२ हे मोड्यूल फुटून त्यातलं अर्लओपन ‘रिक्वेस्ट’मध्ये गेलं आणि एचटीटीपीएरर ‘एरर’मध्ये. असं असेल तर प्रत्येक जागा डोळ्यांनीच तपासावी लागते.

शोध गिट ग्रेपने (प्रकल्पाच्या फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) घ्या, पूर्ण शब्द जुळवणारा स्मॉल डब्ल्यू लावून. नाहीतर एचटीटीपीलिब२ ही वेगळीच लायब्ररीही गळाला लागते. मात्र स्फिंक्समध्ये (डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारं साधन) लेबलची, म्हणजे दुव्यासाठी जागेला दिलेल्या नावाची, व्याख्या अंडरस्कोअरने सुरू होते आणि अंडरस्कोअर शब्दाचाच भाग धरला जातो, म्हणून डब्ल्यू लावल्यावर ती सापडत नाही. परिणामी संदर्भ बदलतात, लेबल जुनंच राहतं आणि दुवा तुटतो. म्हणून दुसरी फेरी डब्ल्यूशिवाय मारा.

पुण्यातली टीम मराठी भाषांतरही सांभाळत असेल, तर त्याला वेगळा माणूस द्या. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की पीओ फाइलमधलं (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं ठेवणारी फाइल) भाषांतर ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचं, होतं, आणि स्फिंक्स एरवी फझी भाषांतर वापरत नाही. मराठी पानात मधेच इंग्रजी परिच्छेद उगवतो. शिवाय आपले प्रत्यय! बॅकटिकमधल्या (` या खुणांमधल्या) नावाला लगेच ‘चं’, ‘मध्ये’ चिकटवलं की मार्कअप बंदच होत नाही. मधे बॅकस्लॅश आणि एक स्पेस द्यायची. छापताना ती स्पेस दिसत नाही.

स्फिंक्सचं बिल्ड -एन (न सापडलेल्या संदर्भांचा इशारा देतो) आणि कॅपिटल -डब्ल्यू (इशाऱ्यालाच चूक ठरवतो) लावूनच करा. -एन नसेल तर न सापडलेला मोड्यूल-संदर्भ निमूटपणे साधा मजकूर होऊन बसतो, आणि डब्ल्यू नसेल तर इशारे कोणी वाचत नाही. डॉकटेस्ट (डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं आपोआप चालवून बघणारी तपासणी) चालवा, नुसत्या कोड-ब्लॉकमधली उदाहरणं त्यात येत नाहीत, ती हाताने चालवावी लागतात. नावात फक्त कॅपिटलचं स्मॉल झालं असेल, तर विंडोजवर दुवा उघडतो आणि लिनक्स सर्व्हरवर ४०४ (पान सापडलं नाही) येतो, तेव्हा तपासणी लिनक्सवरच करा.

जुनं पान उडवू नका. इंटरस्फिंक्समधून (एका प्रकल्पाच्या पानांवरून दुसऱ्याच्या पानांना दुवे देणारी स्फिंक्सची सोय) दुसरे प्रकल्प त्या नावावर टेकलेले असतात. तिथे ‘डेप्रिकेटेड’ (यापुढे वापरू नका) खूण, कोणत्या आवृत्तीपासून, नवा इम्पोर्ट कसा लिहायचा आणि जुना कधी जाणार, एवढं पुरे. आवृत्तीचा आकडा ठळक हवा: कॉलेजच्या लॅबमधल्या मशिनवर जुनी आवृत्ती असेल, तर नवं नाव लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला इम्पोर्ट एररच दिसणार.