दोन्ही विधानं खरी, मग गाठ कुठे?

‘गावातल्या सगळ्यांनी ठिबक बसवलं. एकरी लागणारं पाणी निम्म्यावर आलं. पाऊस नेहमीइतकाच पडला. तरीही विहिरींची पातळी खाली गेली.’ जीमॅट (व्यवस्थापन), एलसॅट (कायदा) यांसारख्या प्रवेश परीक्षांत असा उतारा देतात आणि विचारतात, ही विसंगती कोणत्या पर्यायाने सुटते?

आधी पर्याय हाताने झाका. ‘तरीही’, ‘पण’, ‘उलट’ या शब्दांवर पेन्सिल ठेवा आणि पेच आपल्या शब्दांत मांडा: पाणी वाचलं, मग पातळी टिकायला हवी होती, झालं उलटंच. हे वाक्य जुळत नसेल तर उतारा पुन्हा वाचा.

मग दोन्ही विधानं मुकाट्याने खरी माना. ‘ठिबक नीट बसवलंच नसेल’ ही शंका शेताच्या बांधावर रास्त आहे, पेपरात तिला शून्य गुण.

आता खरं काम. दोन विधानं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का, ते तपासा. इथे पहिलं एकरी वापराबद्दल आहे, दुसरं गावाच्या एकूण उपशाबद्दल. वाचलेल्या पाण्यावर लोकांनी कोरडवाहू रानंही भिजवली असतील, तर पेच संपला. दर आणि एकूण, टक्के आणि संख्या, या जोड्यांत बरेच पेच दडलेले असतात. कधी मोजलेले गटच वेगळे निघतात. १९७३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के पुरुषांना आणि ३५ टक्के स्त्रियांना प्रवेश मिळाला. विभागवार पाहिलं, तर बहुतेक विभागांत स्त्रियांना डावलल्याचं दिसेना. कारण स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते, जिथे प्रवेश मिळणं सगळ्यांनाच अवघड होतं.

आता पर्यायांवरचा हात काढा. प्रत्येक पर्याय दोन विधानांच्या मध्ये ‘कारण’ लावून वाचून बघा. ‘शेजारच्या गावात ठिबक नाही’ हे खरं असेलही, पण त्याने काहीच उलगडत नाही. ‘ठिबकमुळे उत्पादन वाढलं’ हा पर्याय जास्त फसवा: तो एकाच बाजूला टेकू देतो, पातळी का घटली ते सांगत नाही.

‘खालीलपैकी एक वगळता सर्व पर्याय विसंगती सोडवतात’ असा प्रश्न आला की ‘वगळता’भोवती गोल करा. तिथे पेच सोडवणारे चार पर्याय असतात, आणि घाईत त्यातल्याच पहिल्यावर खूण केली जाते.