नागपुरात वस्तीच्या सफाईची तक्रार योग्य जागी कशी न्यावी

कचरागाडी फिरकली नाही, कोपऱ्यावर ढीग साचला किंवा गडरलाइन तुंबली, की ‘मनपाला सांगून काही होत नाही’ हे वाक्य नागपुरात घरोघरी ऐकू येते. पुष्कळदा मात्र ती तक्रार योग्य टेबलापर्यंत पोहोचलेलीच नसते. महानगरपालिकेचे रोजचे काम दहा झोनमधून चालते: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. म्हणून आपला झोन आणि प्रभाग कोणता, हे आधी नक्की करावे आणि प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत ते लिहावे.

त्यानंतर काम कोणाचे, हे ओळखावे. घरोघरचा कचरा उचलण्याचे काम नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन खासगी कंपन्यांना प्रत्येकी पाच झोन असे वाटून देण्यात आले. रस्ते झाडण्याचे काम मात्र मनपाचे स्वतःचे सफाई कर्मचारी करत आले आहेत. त्यामुळे ‘गाडी येत नाही’ आणि ‘रस्ता झाडला जात नाही’ या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत. एकाच अर्जात त्या कोंबल्या, तर दोन्हीकडे अर्धवट उत्तर मिळते. वाढलेल्या फांद्या उद्यान विभागाकडे जातात, तर चेंबरचे फुटलेले झाकण झोनच्या अभियंत्याकडे. गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीशिवाय छोटे प्लॉट पाडून विकलेल्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: तेथील रस्ता किंवा नाली मनपाच्या ताब्यात आली आहे की अजून नागपूर सुधार प्रन्यास या शहरविकासाच्या वेगळ्या संस्थेकडेच आहे? हे ठाऊक नसेल, तर अर्ज दोन कार्यालयांमध्ये फिरत राहतो.

तक्रारीची भाषा रागाची असण्यापेक्षा मोजकी असावी. ‘परिसरात प्रचंड घाण आहे’ असे लिहिल्याने निरीक्षकाला कोठे जायचे ते कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘प्लॉट क्रमांक अमुकसमोर, विजेच्या खांबाच्या डाव्या बाजूस, अमुक तारखेपासून ढीग उचललेला नाही, त्यात ओला कचरा व प्लास्टिक मिसळलेले आहे, ढीग नालीच्या जाळीवर आल्याने पाणी रस्त्यावर वाहते.’ सोबत दोन छायाचित्रे जोडावीत, एक जवळून आणि एक ओळखीची खूण दिसेल असे दुरून. तक्रार मनपाच्या अ‍ॅपवर केली तर तिचा क्रमांक जपून ठेवावा; कागदावर केली तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय झोन कार्यालयातून निघू नये. पुढच्या पाठपुराव्याचा आधार हा शिक्काच असतो.

या शहराचे सर्वांत चिवट दुखणे म्हणजे रिकामे प्लॉट. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर आधी काटेरी झुडपे वाढतात, मग कोणी घर पाडल्याचा मलबा टाकतो, त्यावर शहाळ्यांची टरफले आणि लग्नातल्या पत्रावळी येऊन पडतात, आणि पहिल्या पावसानंतर तेथे डास होतात. मनपाने एकदा सफाई केली, तरी मालकावर जबाबदारी आली नाही तर ढीग पुन्हा उभा राहतो. म्हणून अशा तक्रारीत सफाईच्या मागणीबरोबर मालकाला नोटीस देण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी आणि मौजा (महसुली गाव), खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांक व प्लॉट क्रमांक द्यावा. हे तपशील शेजाऱ्याच्या विक्रीपत्रातील चतुःसीमेवरून बहुधा मिळतात. नगर भूमापन झालेले असल्यास आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मालकाचे नावही मिळते. टाकणारा माणूस किंवा वाहन डोळ्यांसमोर असेल, तर मनपाच्या उपद्रव शोध पथकाला तेव्हाच कळवावे, कारण दंडाच्या कारवाईला वेळेवर मिळालेली माहिती लागते. शेजाऱ्यांनी एकत्र सह्या करून अर्ज दिला, तर तो एकट्याच्या अर्जाहून जड ठरतो, असे माझे मत आहे.

आपल्या उंबरठ्याच्या आतले कामही याच व्यवस्थेचा भाग आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केले. मिसळलेला कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोला पोहोचतो, ओला भाग कुजून वायू तयार होतो आणि उन्हाळ्यात तेथे आगी लागतात. तो धूर पूर्व नागपुरातील लोकांच्या घरात शिरतो. संत्र्याच्या साली आणि भाजीचे देठ एका डब्यात, दुधाच्या पिशव्या धुऊन दुसऱ्यात, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत. उचलणारे हात माणसाचे आहेत, हे यात सर्वांत महत्त्वाचे. गाडीवाला वेगळा केलेला कचरा पुन्हा एकत्र टाकत असेल, तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवावा. ही स्वतंत्र आणि गंभीर तक्रार आहे.

नाल्यांच्या सफाईचे अर्ज पावसाळ्याआधी, मे महिन्यातच द्यावेत. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा प्रवाहात अडथळा आला की काय होते ते शहराने पाहिले.

अर्जावर हालचाल झाली नाही, तर झोनच्या सहायक आयुक्तांना स्मरणपत्र द्यावे, त्यानंतर सिव्हिल लाइन्समधील मुख्यालयात घनकचरा व्यवस्थापन विभागाकडे जावे. तरीही उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या तक्रारीवर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला, याची प्रत मागावी. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि त्या प्रतीवरून पुढील अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा ते कळते.