बंदरावरचा बावटा कसा वाचायचा
बावटा म्हणजे बंदरावर लावलेली वादळाच्या इशाऱ्याची खूण, १ ते ११ नंबरांची. ‘तीन नंबरचा बावटा’ लागला की मुंबईहून भाच्याचा फोन, ‘मामा, अकरातले तीनच ना?’ अरे, ही काय परीक्षा आहे?

हर्णैत मी असं वाचतो. १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात. ३ आणि ४ म्हणजे वाऱ्याचा धोका आपल्याच बंदराला. तीनला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जाळी आवरतो, मी नांगराचा दोर दुहेरी करतो.

खरी गफलत पुढे. ५ पेक्षा ६ मोठा नव्हे! ५, ६, ७ वादळ बंदराच्या कुठल्या बाजूनं जाणार ते सांगतात. सात म्हणजे डोक्यावरून किंवा अगदी जवळून. ८ ते १० तसेच, फक्त वादळ महाभयंकर. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. तो मी अजून पाहिलेला नाही, हौसही नाही.