स्वस्त कॅमेऱ्याचं चित्र घरातल्या घरात पाहायचंय? या चुका टाळा

दीड-दोन हजारांचा वायफाय कॅमेरा आता घरोघरी दिसतो. दाराशी, जिन्यात, दुकानात, गावाकडच्या घराच्या ओसरीवर. बहुतेक जण तो कंपनीच्या ॲपमधूनच पाहतात आणि त्यात गैर काही नाही. पण इंटरनेट बंद पडलं की ॲप ‘ऑफलाइन’ म्हणून मोकळं होतं. क्लाउडवर साठवायचं तर दरमहा पैसे लागतात. आणि चार कंपन्यांचे चार कॅमेरे एका पडद्यावर आणता येत नाहीत. म्हणून कॅमेऱ्याचं चित्र राउटरच्या बाहेर न जाता थेट आपल्या लॅपटॉपवर, टीव्हीवर किंवा एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरवर) घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. घरातली माणसं कधी येतात, कधी जातात ही माहिती घरातच राहिलेली बरी.

हे शक्य होतं ते आरटीएसपी या पद्धतीमुळे. ती १९९८ पासून प्रमाणित आहे आणि आजही जवळपास सगळं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतं. तिच्या जोडीला ऑनव्हिफ. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये हे मानक सुरू केलं, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांना ओळखावेत म्हणून. ढोबळमानाने, चित्र येतं आरटीएसपीतून आणि कॅमेरा शोधणं, फिरवणं, सेटिंग वाचणं होतं ऑनव्हिफमधून. दोन्ही गोष्टी साध्या आहेत. तरीही लोक अडकतात, आणि अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

खोक्यावरची चित्रं पाहून खरेदी

पहिली चूक दुकानातच होते. खोक्यावर ‘अलेक्सावर चालतो’, ‘गुगल असिस्टंटवर चालतो’ असं छापलेलं असतं आणि माणूस समजतो की कुठेही चालेल. त्याचा आरटीएसपीशी काहीही संबंध नाही. तपशिलाच्या पानावर ‘आरटीएसपी’ किंवा ‘ऑनव्हिफ’ हा शब्द स्पष्ट दिसला पाहिजे. दिसला नाही तर तो कॅमेरा या कामाचा नाही असं धरून चाला. दुकानदार ‘होईल की’ म्हणाला तरी.

टीपी-लिंकच्या टापो मालिकेतले प्लगवर चालणारे बहुतेक कॅमेरे दोन्ही देतात. त्याच मालिकेतले बॅटरीवरचे देत नाहीत, कारण बॅटरी वाचवायला कॅमेरा बराच वेळ झोपलेला असतो आणि सतत चित्र पाठवणं त्याला परवडत नाही. शाओमीच्या बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत अधिकृत आरटीएसपी नाही. भारतात नवा कॅमेरा घेताना आणखी एक गोष्ट पाहा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सुरक्षा निकषांनुसार चाचणी सक्तीची झाली आहे. बिनानावाचा, बिनशिक्क्याचा जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

ॲपचा पासवर्ड कॅमेऱ्याला देणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. ॲपमध्ये तुम्ही ईमेल आणि पासवर्ड टाकून शिरता. ते खातं कंपनीच्या सर्व्हरचं असतं. कॅमेऱ्याला ते माहीतच नसतं. टापोमध्ये कॅमेऱ्याच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘कॅमेरा अकाउंट’ नावाचा वेगळा पर्याय आहे. तिथे नवं नाव आणि नवा पासवर्ड तयार केल्याशिवाय आरटीएसपी दाद देत नाही. ॲपच्या नव्या आवृत्त्यांत ‘थर्ड-पार्टी कम्पॅटिबिलिटी’ अशी आणखी एक कळ आली आहे, ती दिसली तर चालू करा. इझविझच्या कॅमेऱ्यात वापरकर्ता ‘ॲडमिन’ असतो आणि पासवर्ड म्हणून कॅमेऱ्याच्या पोटाला चिकटवलेल्या लेबलवरचा पडताळणी कोड चालतो. कॅमेरा छताला लावण्याआधी त्या लेबलचा फोटो काढून ठेवा, म्हणजे पुन्हा शिडी आणावी लागत नाही.

टापोचंच आणखी एक: प्रायव्हसी मोड चालू असेल तर चित्र मिळत नाही. घरी आल्यावर कुणी तो मोड चालू केला आणि विसरलं, की रात्रभराचं रेकॉर्डिंग कोरं.

पत्ता अंदाजाने लिहिणं

आरटीएसपीचा पत्ता असा असतो (टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत):

आरटीएसपी://नाव:पासवर्ड@कॅमेऱ्याचा-आयपी:५५४/शेपूट

आयपी म्हणजे घरच्या नेटवर्कमधला कॅमेऱ्याचा क्रमांक, आणि पोर्ट म्हणजे त्या यंत्राचं एक ठरावीक दार. ५५४ हा नेहमीचा पोर्ट. खरी गंमत शेपटात आहे, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. टापोत ‘स्ट्रीम१’ म्हणजे मोठं चित्र, ‘स्ट्रीम२’ म्हणजे छोटं. हिकव्हिजनमध्ये ‘स्ट्रीमिंग/चॅनल्स/१०१’ आणि छोट्यासाठी ‘१०२’. दाहुआच्या धाटणीच्या यंत्रांत, म्हणजे सीपी प्लसच्या बऱ्याच डीव्हीआर आणि आयपी कॅमेऱ्यांतही, ‘कॅम/रिअलमॉनिटर?चॅनल=१&सबटाइप=०’. सबटाइप १ केलं की छोटं चित्र. ऑनव्हिफचा पोर्टही सगळीकडे सारखा नसतो. टापोत तो २०२० आहे, आणि रेकॉर्डरमध्ये ८० टाकून लोक तासन्‌तास वाट पाहत बसतात.

आता पासवर्ड. लोक तो मजबूत करायला त्यात ‘@’ घालतात, आणि पत्त्यातही ‘@’ हेच पासवर्ड संपल्याचं चिन्ह आहे. पासवर्ड ‘घर@सातारा’ असेल तर सॉफ्टवेअर ‘सातारा’ हाच आयपी समजून त्याला शोधत बसतं. पत्त्यात ‘@’ ऐवजी ‘%४०’, ‘#’ ऐवजी ‘%२३’, ‘/’ ऐवजी इंग्रजी ‘%२एफ’ लिहा. त्याहून सोपं म्हणजे या खात्यासाठी अक्षरं आणि अंक एवढाच, पण लांबलचक पासवर्ड ठेवणं. चौदा-सोळा अक्षरांचा असला की चिन्हांवाचून काही अडत नाही.

व्हीएलसी सोडून थेट रेकॉर्डरवर उडी

यूट्यूबवर फ्रिगेट (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) किंवा होम असिस्टंट (घरातली स्मार्ट यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) यांचा व्हिडिओ पाहून लोक आधी ते बसवतात आणि चित्र आलं नाही की सगळंच चुकल्यासारखं वाटतं. आधी लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडा, कंट्रोल-एन दाबा, पत्ता टाका. तिथे चित्र आलं तर कॅमेरा, पासवर्ड, पत्ता, नेटवर्क सगळं ठीक आहे आणि पुढची चूक रेकॉर्डरच्या सेटिंगमध्येच आहे. नाही आलं तर रेकॉर्डरला हात लावण्यात अर्थ नाही.

नुसतं ‘उघडता आलं नाही’ यावर थांबू नका. व्हीएलसीच्या टूल्समधली मेसेजेसची खिडकी उघडा आणि आकडा शोधा. ४०१ म्हणजे कॅमेरा सापडला पण नाव किंवा पासवर्ड चुकला. व्हीएलसी पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत असेल तरी अर्थ तोच. ४०४ म्हणजे कॅमेरा सापडला, पण शेपूट चुकलं. आकडाच नाही आणि नुसतंच वाट पाहणं चाललंय, तर कॅमेऱ्यापर्यंत पोचताच येत नाहीये: आयपी चुकला किंवा नेटवर्क वेगळं आहे. कनेक्शन ताबडतोब नाकारलं जात असेल तर त्या यंत्रावर आरटीएसपी चालूच नाही. हे एवढं वाचता आलं की निम्म्याहून जास्त तक्रारी फोनवरच सुटतात.

घरात दोन राउटर आणि कॅमेरा भलत्याच बाजूला

आपल्याकडे फायबरवाला त्याचा डबा बसवून जातो. त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणून जोडतो. कॅमेरा या आतल्या राउटरवर, लॅपटॉप बाहेरच्या डब्यावर. ॲप दोन्हीकडे व्यवस्थित चालतं, कारण ते इंटरनेटवरून फिरून येतं. आरटीएसपी मात्र चालत नाही. ओळखायची खूण: लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि कॅमेऱ्याचा १९२.१६८.० ने. आतल्या राउटरवरून बाहेरच्या डब्याकडे रस्ता असतो, उलट नसतो. उपाय एकच, दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे सगळी यंत्रं एकाच नेटवर्कमध्ये येतात.

पाहुण्यांच्या वायफायवर कॅमेरा जोडला तरी हेच होतं, कारण ते नेटवर्क यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडतं. आणि लाईट जाऊन आली की कॅमेऱ्याचा आयपी बदलू शकतो. राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना आयपी वाटून देणाऱ्या) सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) एका आयपीला बांधून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

चित्र येतं, पण फाटतं, अडकतं किंवा काळं दिसतं

चित्र खालून करडं होत गेलं, माणसाच्या मागे रंगांचे फराटे उमटले, तर बहुधा यूडीपीवरून, म्हणजे पोचल्याची खात्री न करणाऱ्या पद्धतीने, येणारे डेटाचे पुडके वायफायमध्ये हरवताहेत. टीसीपी ही खात्री करणारी पद्धत. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्सखाली ‘आरटीपी ओव्हर आरटीएसपी (टीसीपी)’ निवडा. फ्रिगेट नेहमीच्या सेटिंगवर टीसीपीच वापरतं.

आवाज येतो पण ब्राउझरमध्ये पडदा काळा, तर एच.२६५ या चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीवर संशय घ्या. जागा वाचवायला ते उत्तम आहे, पण सगळे ब्राउझर ते दाखवत नाहीत. सेटिंग बदलता येत असेल तर एच.२६४ करा. चित्र सुरू व्हायला पाच-सात सेकंद लागत असतील तर की-फ्रेमचं अंतर जास्त आहे, कारण पूर्ण फ्रेम येईपर्यंत पाहणाऱ्याला थांबावं लागतं. १५ फ्रेमच्या चित्राला हे अंतर १५ ते ३० ठेवा.

एकाच वेळी तीन ठिकाणी चित्र उघडणं हीसुद्धा चूकच. या कॅमेऱ्यांचा प्रोसेसर लहान असतो, एक-दोन जोडण्यांपलीकडे तो दमतो. गो-टू-आरटीसी हे मोफत सॉफ्टवेअर कॅमेऱ्याकडून एकच प्रवाह घेतं आणि टीव्ही, फोन, रेकॉर्डर सगळ्यांना वाटून देतं. फ्रिगेटमध्ये ते आधीपासूनच बसवलेलं आहे. हालचाल ओळखायला छोटं चित्र वापरा, साठवायला मोठं. साठवणीचा हिशोबही आधी करा: २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात सहा दिवसही पुरते मावत नाहीत.

दिवसा ठणठणीत, रात्री बंद

दिवसभर कॅमेरा छान चालतो आणि अंधार पडला की दर काही मिनिटांनी गायब होतो, ही तक्रार फार येते. लोक राउटर बदलतात, चॅनल बदलतात. खरा दोष वायरीत असतो. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त करंट ओढतो. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला गेटपर्यंत न्यायला बारीक, दहा मीटरची यूएसबी वायर जोडलेली असेल, तर तेवढ्या ओढीने टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा पुन्हा सुरू होतो. सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा पडतो. खात्री करायला ॲपमधून नाइट व्हिजन बंद ठेवून एक रात्र पाहा. कॅमेरा टिकला तर वायर दोषी. जाड वायर घ्या, किंवा २३० व्होल्टचा पॉइंटच इलेक्ट्रिशियनकडून कॅमेऱ्याजवळ करून घ्या आणि शेवटची वायर आखूड ठेवा. हाताशी आहे म्हणून जुन्या मोबाइलचा ॲडॉप्टर जोडू नका.

बाहेरून पाहता यावं म्हणून पोर्ट उघडणं

ही चूक बाकी सगळ्या चुकांपेक्षा महागात पडते. ‘ऑफिसमधून पाहता आलं पाहिजे’ म्हणून राउटरमध्ये ५५४ पोर्ट फॉरवर्ड करायचा, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी थेट कॅमेऱ्याकडे वळवायचा, सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. साधी आरटीएसपी एन्क्रिप्टेड नसते. उघडा पोर्ट शोधणारी यंत्रं इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड वापरून पाहत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. अलीकडचं उदाहरण जवळचं आहे. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं, तपासणीला आलेल्या स्त्रियांचं सीसीटीव्ही चित्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला ठेवलेलं सापडलं. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे आरोपी होते. त्या यंत्रणेचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ असा होता, असं बातम्यांत आलं.

त्या बायांनी काय चूक केली होती? कॅमेरा ज्याने लावला त्याची ती जबाबदारी होती. म्हणून दुकानात, दवाखान्यात, सोसायटीत कॅमेरे बसवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय शिडीवरून उतरू नका.

बाहेरून पाहायचंच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल (सुरक्षित खाजगी जोडणी देणारी व्हीपीएन सॉफ्टवेअर) वापरून फोन आधी घराच्या नेटवर्कमध्ये आणा आणि मग नेहमीचा स्थानिक पत्ता उघडा. आपल्याकडच्या अनेक जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटलेला असतो, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग मुळात चालतही नाही, टेलस्केल मात्र चालतं. राउटरमधलं यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो. आणि चौकटीत शेजाऱ्यांचं दार येतंय का तेही एकदा पाहून घ्या.

इंटरनेट तोडलं आणि घड्याळ विसरलं

आता चित्र घरातच आहे, म्हणून काही जण राउटरमधून कॅमेऱ्याचं इंटरनेट पूर्ण बंद करतात. निर्णय चांगला आहे, पण त्या कॅमेऱ्याला वेळ इंटरनेटवरूनच मिळत होती. लाईट जाऊन आली की घड्याळ भलत्याच साली जातं. रेकॉर्डिंगवर चुकीची तारीख पडते, आणि पोलिसांकडे न्यायची वेळ आली तर तेच चित्रण अडचणीचं ठरतं. दुसरा परिणाम पटकन लक्षात येत नाही. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळेचा शिक्का मिसळलेला असतो, त्यामुळे रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्या घड्याळांत फार फरक पडला की पासवर्ड बरोबर असूनही तो चुकीचा ठरतो. आरटीएसपीचं चित्र येत राहतं, फक्त कॅमेरा फिरवता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एनटीपीचा (वेळ पुरवणाऱ्या सेवेचा) पत्ता बदलता येत असेल तर तिथे घरातल्या राउटरचा किंवा एनव्हीआरचा टाका, अर्थात त्यात वेळ पुरवण्याची सोय असेल तर. नसेल तर राउटरमध्ये त्या कॅमेऱ्याला फक्त १२३ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट मोकळा ठेवा, बाकी सगळं बंदच राहू द्या.