अणुकेंद्रकातली बलं शिकताना या चुका टाळा

हीलियम-4 ची बंधनऊर्जा (केंद्रक सुटं करायला लागणारी ऊर्जा; सुट्या कणांपेक्षा जितकं वस्तुमान कमी भरतं त्यावरून ती काढतात) काढताना उत्तर 27.3 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) आलंय? मग इलेक्ट्रॉन विसरलात. अणुवस्तुमानांच्या तक्त्यातलं 4.002603 यू (अणूंच्या वस्तुमानाचं एकक) हे अख्ख्या अणूचं वस्तुमान असतं, दोन इलेक्ट्रॉनांसकट. सुट्या प्रोटॉनचं 1.007276 घेतलं की तेवढे दोन इलेक्ट्रॉन हिशेबातून गळतात. त्याजागी हायड्रोजन अणूचं 1.007825 घ्या, 28.3 येईल.

याहून खोलवरची चूक म्हणजे बंधनऊर्जा ही केंद्रकात साठवलेली ऊर्जा आहे असं समजणं. ती केंद्रक बनतानाच बाहेर निघून गेलेली असते, म्हणून तर वस्तुमान कमी भरतं. केंद्रक सुटं करायचं तर तेवढी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. हे पक्कं नसेल तर युरेनियमचं विखंडन, म्हणजे त्याचं केंद्रक फुटून ऊर्जा मिळणं, कोडंच राहतं. युरेनियममध्ये दर न्यूक्लिऑनमागे (म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) बंधनऊर्जा सुमारे 7.6 एमईव्ही, तर त्याच्या मध्यम आकाराच्या तुकड्यांत साधारण 8.5. न्यूक्लिऑन आधीपेक्षा घट्ट बांधले जातात आणि फरकाची ऊर्जा आपल्याला मिळते. शिकवताना इथे फार घाई होते. माझ्या मते एक पूर्ण तास यालाच द्यायला हवा.

‘केंद्रकीय बल सर्वांत प्रबल’ एवढंच पाठ करू नका, त्याचा पल्लाही लक्षात ठेवा. 1 फेम्टोमीटरवर (10⁻¹⁵ मीटर) दोन प्रोटॉन एकमेकांना सुमारे 230 न्यूटनने ढकलतात, म्हणजे 23 किलोच्या पोत्याच्या वजनाइतक्या बलाने! केंद्रकीय आकर्षण तिथे त्यावर मात करतं, पण 3 फेम्टोमीटरपुढे ते जवळपास संपतं. आणि साधारण 0.7 च्या आत तेच बल दूर लोटू लागतं. विद्युत अपकर्षण मात्र केंद्रकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतं. त्यामुळे जड केंद्रकांना न्यूट्रॉन जास्त लागतात; शिसे-208 मध्ये 82 प्रोटॉनांबरोबर 126 न्यूट्रॉन आहेत.

हे न्यूट्रॉन प्रोटॉनांचा विद्युतभार ‘झाकतात’ असं मात्र लिहू नका. ते अपकर्षण न वाढवता आकर्षणात भर घालतात, इतकंच. गुरुत्वाकर्षणाचा तर इथे विचारच नको, दोन प्रोटॉनांमध्ये ते विद्युत बलाच्या सुमारे 10³⁶ पटींनी दुबळं असतं.

शेवटचा गोंधळ पायॉन आणि ग्लुऑनचा. न्यूक्लिऑनांमध्ये कणाची देवाणघेवाण होते ही कल्पना हिदेकी युकावा यांनी 1935 मध्ये मांडली, आणि तो कण, पायॉन, 1947 मध्ये सापडला. ग्लुऑन प्रोटॉनच्या आतल्या क्वार्कांना बांधतात. केंद्रकीय बल हा त्याच मूळ बलाचा बाहेर जाणवणारा उरलासुरला परिणाम. प्रश्न न्यूक्लिऑनांचा असेल तर पायॉन लिहा, क्वार्कांचा असेल तर ग्लुऑन.